गंजलेल्या नटाची समजूत

घरची मोटार घरीच थोडीफार दुरुस्त करण्याची हौस असलेल्या माणसाला इंजिन फारसं छळत नाही. छळतो तो नट. ब्रेकचे पॅड बदलायचे असोत, सायलेन्सर उतरवायचा असो की नुसतं पंक्चर झालेलं चाक काढायचं असो, खरं काम अर्ध्या तासाचं असतं. पण त्या कामाच्या दारात एखादा गंजलेला नट ठाण मांडून बसलेला असतो आणि अख्खा रविवार त्याच्या मिनतवाऱ्या करण्यात जातो. मग माणूस चिडतो, लांब पाइप आणतो, पान्यावर उभा राहतो. नटाचे कोपरे झिजतात, नाहीतर बोल्ट तुटतो आणि पन्नास रुपयांचं काम पाच हजारांवर जातं.

आता मी कविता लिहिणारा माणूस. मी नट-बोल्टवर बोलायला बसलो म्हणजे काहींच्या भुवया उंचावतील. पण मी कोकणात राहतो, आणि कोकणात गाडी बाळगणाऱ्याला गंजाचं शिक्षण आपोआप मिळतं. चार महिने पाऊस आणि बारा महिने खारा वारा. आमच्या मोहल्ल्यातले एक बुजुर्ग मिस्त्री नेहमी म्हणायचे, ‘नट जोरानं खुलत नाही, सबुरीनं खुलतो.’ त्यांच्या हाताखाली बसून आणि पुढे स्वतःच्या गाडीखाली झोपून मी जे शिकलो, ते आज तुमच्यासमोर ठेवतो. त्यांच्या सबुरीमागे चोख पदार्थविज्ञान आहे, हे मला पुस्तकं वाचल्यावर कळलं.

आधी नट धरून कसा राहतो ते पाहू. स्क्रूला आपल्या मराठीत जुना शब्द आहे मळसूत्र. बोल्टच्या अंगावरचे आटे म्हणजे एका गोल दांड्याभोवती गुंडाळलेला घाटरस्ता समजा. बऱ्याच लहान मोटारींच्या चाकांचे बोल्ट १२ मिलिमीटर जाडीचे असतात आणि त्यांतल्या कितीतरी गाड्यांत नटाच्या एका पूर्ण फेऱ्यात तो सव्वा मिलिमीटर पुढे सरकतो. म्हणजे साधारण २८ मिलिमीटर चालल्यावर एक मिलिमीटर चढ. हा चढ इतका मंद असतो की नट आपणहून मागे घसरू शकत नाही. आपण नट आवळतो तेव्हा बोल्ट किंचित ताणला जातो, रबरासारखा. तो पुन्हा आखूड व्हायला बघतो आणि त्या ओढीनं दोन भाग एकमेकांवर दाबून धरले जातात.

गंमत अशी, की आवळताना आपण लावलेल्या जोरातला साधारण निम्मा जोर नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातो, ४० टक्क्यांच्या आसपास आट्यांमधल्या घर्षणात जातो आणि बोल्ट ताणायला उरतो तो जेमतेम १० टक्के. हे प्रमाण ठोकळ आहे, पण लक्षात ठेवण्याजोगं आहे. कारण यातून एक सरळ गोष्ट निघते. नट खोलताना आपलं भांडण बोल्टशी नसतं, घर्षणाशी असतं. घर्षण कमी केलं तर जोर वाढवायची गरज उरत नाही.

घर्षण वाढवतो तो गंज. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो, आणि मीठ असलं की त्याचा वेग वाढतो. गंजाचा मुख्य दुर्गुण असा की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, दुप्पट ते सहापट. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमध्ये फिरण्यापुरती बारीक फट ठेवलेली असते. गंज त्या फटीत फुगतो आणि भिंतीत पाचर ठोकावी तसा दोघांना घट्ट जखडतो. सायलेन्सरकडच्या नटांची अवस्था सर्वांत वाईट, कारण तिथे रोज तापणं आणि निवणं चालू असतं. त्यातच अॅल्युमिनियममध्ये लोखंडी बोल्ट बसवलेला असेल आणि ओल असेल, तर दोन वेगळ्या धातूंमुळे बॅटरीसारखी क्रिया सुरू होते. तिथे अॅल्युमिनियम झिजतं आणि पांढरी पूड जमून बोल्ट पकडला जातो.

म्हणून पहिलं काम पाना उचलण्याचं नाही, सफाईचं आहे. तारेच्या ब्रशनं नटाबाहेर आलेले बोल्टचे आटे स्वच्छ घासा. पुष्कळदा नट जागेवरून सुटतो, पण पुढच्या मातीनं आणि गंजानं भरलेल्या आट्यांत अडकून पुन्हा जाम होतो. घासून झालं की पातळ तेल सोडा. इथे जाड ग्रीस किंवा इंजिन ऑइल कामाचं नाही. पणतीच्या वातीत तेल चढतं त्याच न्यायानं तेलाला बारीक फटीत शिरायचं असतं, आणि त्यासाठी ते पातळच हवं. आमचे मिस्त्री रॉकेल वापरत. रॉकेल आता सहज मिळत नाही, पण गंजात शिरणाऱ्या तेलाचे फवारे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात.

सर्वांना ठाऊक असलेला डब्ल्यूडी-४० हा फवारा १९५३ साली अमेरिकेत तयार झाला तो मुळात धातूवरचं पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. त्याच्या नावातला ४० हा आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा. हलक्या गंजाला तो चालतो. जुनाट गंजाला मात्र खास गंजात शिरण्यासाठी बनवलेलं तेल बरं. काही कारागीर ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि अॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळून वापरतात. ते चांगलं काम करतं, पण अॅसिटोन पेट्रोलसारखं भडकतं. विडी-सिगारेट, देव्हाऱ्यातला दिवा, स्वयंपाकाचा गॅस यांच्या आसपास त्याची बाटली उघडू नये.

तेल सोडलं की थांबायचं, आणि हीच गोष्ट सगळ्यांना जड जाते. पाच मिनिटांत तेल आत पोचत नाही. रविवारी काम करायचं असेल तर शुक्रवारी रात्री तेल सोडा, शनिवारी सकाळ-संध्याकाळ पुन्हा सोडा. प्रत्येक वेळी नटाच्या डोक्यावर हातोडीनं पाच-सहा बेताचे ठोके द्या. ठोक्यांनी गंजाच्या थराला बारीक तडे जातात आणि त्या तड्यांतून तेल आत उतरतं. ठोका नटावर किंवा बोल्टच्या डोक्यावर घालावा, बोल्टच्या उघड्या टोकावर घालू नये. टोक चेपलं, की नट बाहेर यायचा रस्ताच बंद होतो.

आता पाना. जाम नटाला दोन बोटांचा उघडा पाना कधी लावू नये. तो फक्त दोन बाजू धरतो आणि जोर आला की त्याचा जबडा फाकतो. रिंग पाना बरा, पण बाजारात मिळणाऱ्या बहुतेक रिंग पान्यांना बारा कोपरे असतात. ते नटाला त्याच्या टोकांजवळ धरतात आणि ती टोकंच गंजानं आधी झिजलेली असतात. म्हणून सहा कोपऱ्यांचा बॉक्स पाना किंवा गोटी घ्यावी. ती नटाच्या सपाट बाजूंना भिडते. पाना नटावर पूर्ण खोल बसलाय ना, मध्ये माती नाही ना, हे बोटानं चाचपून पाहा.

मापाचीही नीट खात्री करा. १९ मिलिमीटरचा पाना आणि पाऊण इंची पाना यांत अर्धा दशांश मिलिमीटरचा फरक आहे, तो खपून जातो. पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. अर्धा इंची नटाला १३ चा पाना लावला तर तो बसल्यासारखा वाटतो आणि ऐन जोराच्या वेळी घसरतो. जुन्या पेटीत इंची आणि मिलिमीटरचे पाने एकत्र नांदत असतात, त्यांची आधीच फारकत करून ठेवावी.

दिशाही पक्की हवी. नटाकडे तोंड करून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं आवळतो आणि उलट दिशेनं सुटतो. पण गाडीखाली पाठीवर झोपून, हात वरून घालून, नट मागच्या बाजूनं चाचपत असलो की डावं-उजवं हमखास उलटतं आणि आपण खोलायच्या नादात नट आणखी आवळत बसतो. मनातल्या मनात नटासमोर जाऊन उभं राहायचं आणि मग दिशा ठरवायची. थोड्या ठिकाणी आटेच उलटे असतात. सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे पुष्कळांना माहीत आहे. जुन्या काही जीपगाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नटही तसेच असत. जुनी गाडी असेल तर बोल्टच्या टोकावर काही खूण आहे का ते आधी बघावं.

जोर लावताना पाना आपल्याकडे ओढायचा, पुढे ढकलायचा नाही. ढकलताना पाना घसरला तर बोटांची सालटी निघतात. नट सुटत नसेल तर एक युक्ती करा. आधी तो आवळायच्या दिशेनं अगदी किंचित हलवून पाहा. कुठल्याही दिशेनं का होईना, गंजाची पकड एकदा मोडली की अर्धं काम झालं. सुटला की तो सरळ फिरवत बाहेर काढायची घाई नको. अर्धा फेरा बाहेर, पाव फेरा आत, थोडं तेल, पुन्हा अर्धा फेरा बाहेर. आत-बाहेर करताना सुटलेला गंज खाली गळतो. तसं न करता ओढत नेलं तर तो पुढे साचत जातो, आणि नट मधेच असा रुततो की मग बोल्टच पिळवटून तुटतो. बोल्ट तुटण्याआधी हाताला कळतं. पाना फिरतो, पण नट सुटल्यासारखा न वाटता पिठाच्या गोळ्यासारखा मऊ लागतो. तसं वाटलं की तिथेच थांबा.

तेल आणि ठोके दोन्ही हरले की तिसरा उपाय उष्णतेचा. इथे पुष्कळांना शंका येते की नट तापवला तर तो फुगून मधलं भोक लहान होईल आणि बोल्ट आणखी आवळला जाईल. तसं होत नाही. ज्यांनी बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना पाहिली आहे, त्यांना हे सांगावं लागणार नाही. लोहार धाव शेणाच्या गोवऱ्यांच्या आचेत लाल करतो, ती सबंध मोठी होते, लाकडी चाकावर अलगद बसते, आणि पाणी ओतलं की आकसून चाकाला मिठी मारते. नटाचंही तेच. तापला की त्याचं भोकसुद्धा मोठं होतं.

किती मोठं? १२ मिलिमीटरचं भोक ३०० अंशांनी तापवलं तर ते मिलिमीटरच्या सुमारे चार शतांशांनी वाढतं. आपल्या केसाच्या जाडीच्या जवळपास निम्मं. एवढीशी वाढ गंजाचा ठिसूळ थर फोडायला पुरते. मात्र उष्णता नटाला द्यायची, बोल्टला नाही. बोल्टही तितकाच तापला तर तोही फुगणार आणि फायदा काहीच होणार नाही. म्हणून झटपट तापवा, आणि बोल्ट तापायच्या आत पाना लावा.

पण विस्तव कुठे लावायचा नाही, हे आधी पाठ करा. पेट्रोलच्या नळ्या, सीएनजीची टाकी आणि तिच्या नळ्या, ब्रेकचं तेल, रबरी बुश, बेअरिंग, वायरी, बॅटरी यांच्या जवळ ज्योत न्यायची नाही. आत्ताच तेल किंवा अॅसिटोन सोडलेल्या जागीही न्यायची नाही. आणि हवा भरलेलं टायर गाडीवर असताना चाकाचे नट कधीही तापवायचे नाहीत. उष्णता रिममधून टायरला पोचते, आत वायू तयार होतात आणि टायर बॉम्बसारखं फुटू शकतं. यात माणसं दगावली आहेत. जस्ताचा मुलामा असलेला नट तापवला तर निघणारा धूर फुप्फुसांना वाईट, म्हणून दारं-खिडक्या उघड्या हव्यात. आणि लाल होईस्तोवर तापलेला नट-बोल्ट पुन्हा वापरू नये. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे कोरलेले असतात, ती त्याच्या ताकदीची खूण. तापवल्यावर तो आकडा तसाच दिसतो, पण ताकद गेलेली असते. नवा घेताना मात्र तोच आकडा पाहून घ्या.

समजा, आपल्या आधी कुणीतरी चुकीचा पाना लावून नटाचे कोपरे गोल करून ठेवले आहेत. तरी हातपाय गाळायचं कारण नाही. नट १९ चा असेल तर १८ ची सहा कोपऱ्यांची गोटी हातोडीनं त्याच्यावर ठोकून बसवा. ती झिजलेल्या कोपऱ्यांत घट्ट रुतते. तेही जमलं नाही तर कानशीनं नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजू घासून १७ चा पाना बसेल अशा करा. व्हाइस ग्रिपचा जबडा आवळून धरला तर लहान नट निघतो. मोठ्या नटाला छन्नी लावता येते. छन्नी नटाच्या कडेवर तिरकी धरायची, सुटायच्या दिशेनं, आणि हातोडीनं नट फिरवत न्यायचा. छन्नीचं काम करताना डोळ्यांवर चष्मा हवाच. गंजाचे कपचे बुबुळात जातात. कुणी हसेल म्हणून चष्मा टाळू नये.

याहून पुढची पायरी म्हणजे नट फोडणं. त्यासाठी नटाभोवती बसणारं, स्क्रूनं पुढे सरकणाऱ्या पात्याचं एक छोटं अवजार मिळतं. ते नसेल तर हॅक्सॉ ब्लेडनं नट एका बाजूनं उभा कापा. आट्यांपर्यंत पोचायच्या जरा आधी थांबा आणि चिरेत छन्नी घालून नट फाकवा. नट मेला तरी चालेल, बोल्ट वाचला पाहिजे, हा इथला हिशेब. नट काही रुपयांत मिळतो. तो ज्या भागात बसलाय त्या भागाला हजारो रुपये पडतात.

वेल्डिंगवाला जवळ असेल तर गोल झालेल्या नटावर दुसरा मोठा नट वेल्ड करून घेणं हा रामबाण उपाय. नवं डोकं मिळतं, आणि वेल्डिंगच्या उष्णतेनं गंजाची पकडही मोडते. मात्र वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडवायला विसरू नका, नाहीतर गाडीच्या इलेक्ट्रॉनिक भागांचा जीव जाईल.

बोल्टच तुटला आणि थोडा बाहेर उरलेला असला, तर त्याच्यावर दोन नट चढवा, ते एकमेकांवर घट्ट आवळा आणि आतल्या बाजूच्या नटाला पाना लावून उलटं फिरवा. दोघे मिळून डोक्याचं काम करतात. आतच तुटला असेल तर बरोबर मध्यावर भोक पाडून उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घालतात. पण तो अतिशय कडक आणि ठिसूळ असतो. तो आत तुटला, तर साध्या ड्रिलनं त्याला भोकही पडत नाही. इंजिनच्या अॅल्युमिनियमच्या भागात असं काही झालं, तर हात आवरावा आणि लेथवाल्याकडे जावं. तो गेलेले आटे मोठे पाडून त्यात स्टीलच्या तारेचा नवा आटा बसवून देतो आणि ती जागा पहिल्यापेक्षा मजबूत होते. कुठे थांबायचं हे कळणं हाही कारागिरीचाच भाग आहे.

आता या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा नट, म्हणजे चाकाचा. बाकीचे नट आपला रविवार खातात, चाकाचा नट जीवावर उठू शकतो.

२०११ सालच्या जुलैमधली गोष्ट. माझ्या मेहुण्यांना रात्री दम लागला आणि डॉक्टरांनी मुंबईला हलवायला सांगितलं. गाडीत माझी मोठी बहीण आणि चालवायला भाचा. कशेडी घाटात मागचं चाक पंक्चर झालं. तेव्हा तिथे बोगदा नव्हता. मुसळधार पाऊस, मिट्ट काळोख. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. भाचा चोवीस वर्षांचा, धट्टाकट्टा. पण एकही नट हलेना. तो पान्यावर उभा राहिला, नाचला, पाना वाकला, नट जागचा हलला नाही. आठवड्यापूर्वीच एका दुकानात टायर बदलून घेतले होते आणि तिथल्या पोरानं हवेच्या गननं नट ठोकून बसवले होते. पाऊण तासानं एक ट्रक थांबला. ट्रकवाल्यानं आपला पाना काढला, त्याच्या दांडीत हातभर लांब पाइप घातला आणि पाच मिनिटांत चारी नट सोडवले. मेहुणे वाचले. पण तो पाऊण तास माझी बहीण आजही विसरलेली नाही. ती म्हणते, ‘मला त्यांच्या श्वासापेक्षा त्या पान्याचा आवाज जास्त आठवतो.’

त्या रात्रीचा हिशेब मांडून पाहू. लहान मोटारींच्या चाकांचे नट साधारण ८० ते ११० न्यूटन-मीटर इतके आवळायचे असतात. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत असतो. सोयीसाठी १०० धरा. १०० न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांब दांडीच्या टोकाला १० किलोचं वजन टांगल्याइतका पीळ. गाडीबरोबर मिळणारा पाना फूटभर लांब असतो. त्याच्या टोकाला तेवढ्याच पिळासाठी सुमारे ३४ किलो जोर लागतो. हे बहुतेकांना, पायानं दाबून का होईना, जमतं. पण हवेची गन सहज ३०० च्या पुढे जाते. ३०० न्यूटन-मीटरला त्याच फूटभर पान्यावर शंभर किलो जोर हवा, वरून गंजाची भर वेगळी. भाच्याच्या मनगटात कमी काही नव्हतं. तो नट माणसाच्या हातासाठी आवळलेलाच नव्हता. तीच दांडी पाइप घालून मीटरभर लांब केली की तीस किलोत काम होतं. ट्रकवाल्याकडे जास्त होती ती फक्त लांबी.

जास्त आवळलेला नट जास्त सुरक्षित असतो हा समज खोटा आहे. प्रमाणाबाहेर ताणलेला बोल्ट रबरासारखा परत येत नाही, तो कायमचा लांबतो, मग पकड सुटते आणि धावत्या गाडीचा बोल्ट तुटू शकतो. म्हणून टायरवाल्याला नम्रपणे पण ठामपणे सांगा, की गननं फक्त नट टेकवा, शेवटचं आवळणं हातपान्यानं करा. पीळ मोजणारा टॉर्क पाना असेल तर उत्तमच. चार नट असतील तर समोरासमोरचे आवळत जायचं, पाच असतील तर चांदणी काढल्यासारखं एक सोडून एक. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासायचं.

चाकाच्या नटाला तेल-ग्रीस चोपडावं का, असं मला पुष्कळ जण विचारतात. पुस्तिकेत तसं सांगितलं नसेल तर नाही. मघाचा हिशेब आठवा. जोराचा मोठा हिस्सा घर्षणात जातो असं धरूनच तो आकडा ठरवलेला असतो. घर्षण कमी केलं की तेवढ्याच जोरात बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. आटे ब्रशनं घासून स्वच्छ, कोरडे ठेवा, पुरे. ग्रीसचा पातळ हात द्यायचाच तर चाक ज्या गोल उंचवट्यावर बसतं त्याच्या कडेला, म्हणजे चाक तिथे गंजून चिकटणार नाही. सायलेन्सरच्या नटांना मात्र तांब्याची पूड असलेलं ग्रीस जरूर लावा. तिथे साधं ग्रीस जळून जातं.

आणि गाडी जॅकवर चढवायच्या आधी, चाक जमिनीवर असतानाच, नट अर्धा फेरा ढिले करा. चाक हवेत गेल्यावर ते नटाबरोबर फिरतं, आपण जोर लावतो आणि गाडी जॅकवरून घसरते. काढायचं चाक सोडून बाकीच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी घोडी असते.

आमच्याकडे मृगाच्या आधी आगोटीची कामं असतात. कौलं शाकारायची, सरपण भरायचं, मसाले दळायचे, सुकी मासळी डब्यात घालायची. गाडी असलेल्या प्रत्येक घरानं त्या यादीत आणखी एक काम घालावं. मे महिन्यातल्या एखाद्या सकाळी, अंगणात, उजेडात, चारही चाकांचे नट गाडीतल्याच पान्यानं एकेक करून सोडवून पाहायचे, आटे घासायचे आणि हातानं योग्य तेवढे आवळायचे. हे काम घरातल्या मुलीनं, सुनेनं, जी कुणी ती गाडी चालवते तिनं स्वतः करून पाहावं. तिच्या हातानं नट सुटत नसेल तर तो आत्ताच कळलेला बरा. पाइपचा हातभर तुकडा आणि एक जाडजूड पाना त्या दिवसापासून डिकीत ठेवून द्यायचा. खर्च शे-दोनशे रुपयांचा आणि वेळ तासाभराचा. एवढ्यानं घाटातल्या त्या पाऊण तासाची वेळ कुणावर येणार नाही.